थांब म्हणायचा हक्क

झुरळ दिसलं की पलंगावर चढणारी एखादी मुलगी असते आणि तिची भीती मोडायला झुरळ हातात घेऊन मागे धावणारे काकाही असतात. काकांचा हेतू चांगला असतो, तरी भीती वाढतेच, कारण झुरळ किती जवळ येणार हे काका ठरवतात. पळाल्यावर जिवाला बरं वाटतं आणि मन तेवढंच शिकतं, की पळणं हाच उपाय.

१९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या लहानग्याची सशाची भीती घालवल्याची हकिगत प्रसिद्ध केली. पीटर आवडीचा खाऊ खात बसे आणि पिंजऱ्यातला ससा हळूहळू जवळ आणला जाई. कधी सशाला न घाबरणारी मुलं त्याच्यासोबत खेळत. मध्येच एका मोठ्या कुत्र्याने पीटरला घाबरवलं आणि कमावलेलं सगळं गेलं. जोन्स यांनी त्याला दटावलं नाही, पुन्हा आरंभ केला. शेवटी तो सशाला बोटं कुरतडू देऊ लागला. मला या हकिगतीत तो दुसरा आरंभ सर्वांत मोलाचा वाटतो.

२०११ साली स्पेनमधल्या क्रिस्टिना बोतेया आणि सहकाऱ्यांनी झुरळाला घाबरणाऱ्या एका बाईंवरच्या उपचारांची माहिती प्रसिद्ध केली. त्या आधी मोबाईलवर झुरळांचा खेळ खेळल्या, प्रत्यक्ष उपचार नंतर झाले. खेळ हवा तेव्हा थांबवता येतो, आणि माझ्या मते औषध तिथेच आहे.

खान्देशात या कामाला महागडं यंत्र लागणार नाही. पोळ्याला जळगाव-धुळ्याच्या घरांत मातीचे बैल येतात. गुराढोरांना घाबरणाऱ्या मुलाने आधी तो बैल रंगवावा, मग दारातून मिरवणूक पाहावी, मग आजोबांचा हात धरून गोठ्यापर्यंत जावं. ‘आज इथवरच’ हे त्याने म्हणावं आणि मोठ्यांनी ऐकावं. भीतीपायी शाळाच सुटत असेल, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञ गाठावा.

मात्र सगळी भीती घालवायची नसते. २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात बिबट्याने माणसं मारली. तिथल्या आईने पोराला संध्याकाळी वावरात जाऊ दिलं नाही, ती शहाणीच होती. कापसात आणि केळीच्या बागांत नाग, घोणस, मण्यार खरेच असतात. म्हणून सापाच्या भीतीवरचा खेळ वेगळा रचावा लागेल. चित्रातला साप पाहून दरदरून घाम फुटू नये इतपतच मजल त्यात गाठायची, आणि शेवटच्या पायरीवर गुण द्यायचे ते साप दिसताच जागीच थांबणाऱ्या, हळूच मागे सरणाऱ्या आणि सर्पमित्राला बोलवा म्हणून मोठ्यांना सांगणाऱ्या मुलाला.