दंश आणि अहिंसा
रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील सिलतरा येथे लोखंडाच्या कारखान्यांच्या धुरात वर्षभर राबणारी माणसे, चैत्र सरता सरता दोन दिवसांची सवड काढून महानदीकाठी सिरपूरच्या बाजूस अथवा बारनवापाऱ्याच्या अरण्यालगत राहुट्या ठोकतात, तेव्हा मोहाच्या फुलांचा गंध आणि मोकळे आकाश यांखेरीज एक प्राचीन धर्मप्रश्नही त्यांच्या वाट्यास येतो. संध्याकाळ झाली, की नदीच्या आटत्या डोहांवरून डास उठतात, सुक्या गवतातून गोचिडी पायांवर चढतात, आणि ज्याची उपजीविकाच आपल्या रक्तावर आहे अशा जीवाशी अहिंसेने वागावे कसे, हे ज्याचे त्याला तत्काळ ठरवावे लागते.

हा प्रश्न आपल्या शास्त्रकारांनी क्षुद्र मानला नाही. तत्त्वार्थसूत्रात साधूने सोसावयाचे जे २२ परीषह सांगितले आहेत, त्यांत क्षुधा, तृषा, शीत आणि उष्ण यांच्या पाठोपाठ दंशमशकाचा क्रम लागतो. देहावर बसलेल्या डासाला न हाकलणाऱ्या त्या मुनीपुढे मी नतमस्तक आहे. परंतु त्याची तितिक्षा स्वेच्छेने पत्करलेली असल्यामुळेच ती तपश्चर्या ठरते, आणि तीच राहुटीत निजलेल्या तान्ह्या मुलावर लादली, तर तिचे तप होत नाही. महाभारतातील अणीमांडव्याची कथा दुसऱ्या टोकाची आहे. बालपणी कीटकांच्या पुच्छांत गवताची काडी खुपसल्याबद्दल त्याला सुळाची यातना भोगावी लागली, तेव्हा अल्प अपराधाला एवढी शिक्षा देणाऱ्या प्रत्यक्ष धर्मालाच त्याने शाप दिला, आणि १४ वर्षांच्या आतील कर्माला पाप मानू नये असा दंडक घालून दिला. शिक्षेच्या प्रमाणाविषयी त्याची फिर्याद रास्त होती; कीटकाला वेदना दिली हा मूळ अपराध मात्र त्यानेही नाकारला नाही, आणि मला त्या कथेचे मर्म तेथेच दिसते.

या दोहोंमधील वाट ज्या सिरपुरात आपण मुक्काम करतो तेथेच सापडते. १९५०च्या दशकात मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी तेथे केलेल्या उत्खननात भिक्षू आनंदप्रभूचा विहार उजेडात आला. अशा विहारांतून राहणाऱ्या भिक्षूंना विनयपिटकाने जाणूनबुजून जीवहत्या करण्यास मनाई केली, पण त्याच विनयाने त्यांना डास वारण्याच्या पंख्याची आणि मच्छरदाणीची मुभाही दिली. ही सवलत दुर्बलांसाठी केलेली तडजोड आहे असे मला वाटत नाही. मारण्याचा प्रसंगच येऊ नये अशी तजवीज आधी करून ठेवणे, हीच तीत अहिंसेची खरी कृती आहे. तिन्हीसांजेपूर्वी मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचणारा, अंगभर वस्त्र घालणारा, कडुनिंबाच्या पाल्याची धुरी करणारा मनुष्य, मध्यरात्री चिडून तळहात आपटणाऱ्यापेक्षा धर्माच्या अधिक निकट असतो. कारण क्रोधाला जागा मिळते ती बंदोबस्ताच्या अभावी.

तथापि १८९७ साली सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू दिसले, तेव्हापासून हा प्रश्न केवळ खाजेचा उरला नाही. चावते ती डासाची मादी, आणि तीही आपल्या अंड्यांच्या पोषणासाठी. म्हणजे जाळीच्या आत लेकराला कुशीत घेऊन निजलेली आणि जाळीबाहेर घोंगावणारी, दोघीही संततीसाठीच जागतात. तरीही सिलतऱ्यास परतल्यावर ज्याने दारचे पिंप आठवड्याला कोरडे केले, त्याच्या हातून शेकडो अळ्या मरतात, आणि ते काम केलेच पाहिजे असे माझे मत आहे. त्याला हिंसा न म्हणणे मात्र मला अप्रामाणिक वाटते. मनुस्मृतीने चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा ही गृहस्थाची पाच वधस्थाने म्हणून मोजली, आणि त्यांच्या निष्कृतीसाठी पंचमहायज्ञ सांगितले. त्यांत भूतयज्ञ आहे, तसा मनुष्ययज्ञही आहे. ज्या कुटुंबाने दोन रात्रींच्या हौसेसाठी राहुटीत जाळी नेली, त्याच्याकडून हा दुसरा यज्ञ व्हावयाचा, तर वैशाखाच्या उष्म्यात उघड्यावर बाज टाकून निजणाऱ्या मजुराच्या बाजेवरही तशीच जाळी चढली पाहिजे. आणि त्याच्या मुलाला थंडी वाजून ताप भरला, तर रक्ताची तपासणी त्याच दिवशी झाली पाहिजे.