पाव इंचाची माया

शास्त्रवाचन : योहान ६:१-१३, १ करिंथ १२:१२-२६, कलस्सै ३:१२-१४



आपल्यापैकी पुष्कळांचे बालपण गोधडीच्या उबेत गेले आहे. आजीचे विरलेले लुगडे, वडिलांचा जुना सदरा, धाकट्या भावंडाचे आखूड झालेले झबले, असे एकेक कापड धावदोऱ्याने एकत्र येई आणि त्याची ऊब साऱ्या घराला पुरे. त्या गोधडीला ठरीव नमुना क्वचितच असे; हाती येईल तो तुकडा मिळेल त्या जागी बसे. परंतु नमुना आधीच ठरलेला असेल आणि हाती केवळ चिंध्या असतील, तर काय करावे? हा प्रश्न एके वर्षी आमच्या महिला मंडळापुढे उभा राहिला, आणि त्या वेळी माझ्या हातून एक चूक घडली. ती आज आपणांपुढे कबूल करते, कारण ती केवळ शिवणकामातली चूक नव्हती.

नाताळापूर्वी प्रत्येक घराने एक तारा शिवून आणावा आणि ते सारे तारे जोडून मंडळीतील अंथरुणास खिळलेल्या एका वृद्ध भगिनीसाठी रजई करावी, असे आम्ही ठरविले होते. नमुना आठ टोकांच्या ताऱ्याचा निवडला. अमेरिकेतील रजयांमध्ये तो ‘लेमॉइन स्टार’ या नावाने प्रसिद्ध आहे. दिसावयास देखणा, पण शिवावयास कठीण! शंकरपाळ्याच्या आकाराचे आठ तुकडे मध्यबिंदूशी एकत्र येतात. प्रत्येकाचा कोन ४५ अंशांचा. आठांचे मिळून ३६० अंश. एकेका तुकड्यात केसभर चूक झाली की ती आठपट होते, आणि ताऱ्याचा मध्य टोपीसारखा वर उचलला जातो. शिवाय १२ इंचांच्या चौरसासाठी यातील प्रत्येक तुकडा सलग, जवळजवळ आठ इंच लांबीचा लागतो.

आमच्या मंडळीत एक विधवा भगिनी आहे. शेजारपाजारच्या बायकांचे ब्लाउज शिवून ती घर चालविते. तिने पिशवीभर चिंध्या आणल्या. त्यांत ब्लाउजची कातरणे होती आणि तिच्या दिवंगत पतीच्या सदऱ्याचे तुकडेही होते. चार-साडेचार इंचांपेक्षा मोठा तुकडा एकही नव्हता. मी ती पिशवी वरवर चाळली आणि म्हणाले, “ताई, यातून तारा होणार नाही. मोठे तुकडे असतील तर आणा.” तिने काही न बोलता पिशवी उचलली. पुढच्या रविवारी तिची जागा रिकामी होती. त्यापुढच्या रविवारीही.

तिसऱ्या आठवड्यात मी तिच्या घरी गेले. ती मशीनवर बसली होती, आणि शेजारी खाटेवर तारा पसरलेला होता. आठ टोकांचा, १२ इंचांचा, मध्यभागी अगदी सपाट. मी चकित होऊन विचारले, “हे कसे साधले?” ती म्हणाली, “बाई, चिंधी काही मोठी होणार नव्हती. मग मी जोडच बदलला.”

तिने केले ते असे. लांब शंकरपाळ्याचा आग्रह सोडून तिने प्रत्येक टोक दोन त्रिकोणांचे केले. सारा चौरस तीन-तीन इंचांच्या १६ घरांत वाटला. कोपऱ्यांची चार घरे साधी, उरलेली बारा दुरंगी. दुरंगी घरासाठी चार इंचांचे दोन चौकोनी तुकडे समोरासमोर ठेवावयाचे, वरच्यावर कर्णरेषा आखावयाची, त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पाव-पाव इंचावर शिवण घालावयाची आणि मगच रेषेवर कात्री चालवावयाची. उलगडले की दोन दुरंगी घरे तयार! ती बेताने छाटली की माप नेमके बसते. तारा तोच राहिला. टोके किंचित निराळी दिसली, इतकेच.

प्रिय वाचकहो, त्या खाटेवरच्या ताऱ्याने मला तीन गोष्टी शिकविल्या.

पहिली गोष्ट : नमुन्याचे माप आणि माझा हट्ट या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्या भगिनीने १२ इंचांचे ११ केले नाहीत, की आठ टोकांची सात केली नाहीत. सलग मोठा तुकडाच हवा, ही अट मात्र नमुन्याची नव्हती. ती माझी होती. देवाने आपल्या लोकांसाठी पवित्रतेचे आणि प्रीतीचे जे माप ठरविले आहे ते कमी करण्याचा अधिकार कोणाला नाही. परंतु शुद्ध भाषा, बरे कपडे, जुने घराणे, भरपूर वर्गणी या अटी आपण त्या मापाला केव्हा जोडल्या? गालील समुद्राच्या पलीकडे एका मुलाची शिदोरी पाहून अंद्रियालाही ती अपुरीच वाटली. जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या. पुरुषच सुमारे ५,००० होते. प्रभूने त्या मुलाला मोठी शिदोरी आणावयास परत पाठविले नाही. आणि सर्व तृप्त झाल्यावर त्याने उरलेले तुकडे गोळा करावयास सांगितले. त्यांच्या १२ टोपल्या भरल्या. ज्याच्या हातून भाकरी बहुगुणित होतात, त्यालाही तुकडे वाया जाणे मान्य नव्हते.

दुसरी गोष्ट : आधी जोडावे, मग कापावे. कापड सुताला तिरके कापले की ती कड ताणते. शिंपी त्याला उरेब म्हणतात. उरेब तुकडा नुसता हाताळला तरी लांबतो आणि मग कशाशीही जुळत नाही. म्हणून त्या भगिनीने दोन्ही बाजूंना शिवण घालून कापड धरून ठेवले आणि त्यानंतरच कात्री उचलली. आपण मंडळीत नेमके उलट करतो. चुकलेल्या तरुणाला आधी तोडतो आणि मग तो जुळत नाही म्हणून दुःख करतो. शिस्त लावण्याची वेळ येते, हे खरे. पण ज्याला आपण कधी धरलेच नाही, त्याच्यावर कात्री चालविण्याचा आपणांस काय अधिकार?

तिसरी गोष्ट मी निघताना कळली. शिवणीच्या कडेला जे पाव इंच कापड सोडतात त्याला आपल्या भाषेत काय म्हणतात, हे आपणांस ठाऊक आहेच. त्याला ‘माया’ म्हणतात. ती भगिनी सहज बोलून गेली, “तुकडा लहान असला तरी चालतो, बाई. माया नसली तर मात्र शिवण उसवते.” तिला मला टोमणा मारावयाचा नव्हता. तरीही मी दारात उभी राहिले ती राहिलेच. ही माया रजईच्या उजव्या बाजूने कधी दिसत नाही. ती आत दुमडलेली असते. प्रत्येक तुकडा आपल्यातले थोडे कापड शेजाऱ्यासाठी आड सोडतो, आणि म्हणूनच सांधा टिकतो. कलस्सै येथील मंडळीला प्रेषित पौल करुणा, लीनता, सहनशीलता यांची वस्त्रे घालावयास सांगतो आणि सर्वांवर प्रीती ठेवतो. कारण बाकी सारे तीच एकत्र बांधते. माझ्या त्या दिवशीच्या बोलण्यात माप होते, नमुना होता, नीटनेटकेपणा होता. माया नव्हती.

आपल्यापैकी कित्येकजण महाराष्ट्राबाहेर, दूरच्या शहरांत विखुरलेले आहात. काही ठिकाणी मराठी उपासनेस चार-पाच कुटुंबेच जमत असतील. ‘आम्ही इतके थोडे, आमच्यातून काय होणार?’ असे आपणांस वाटत असेल. बंधुभगिनींनो, चिंधीला मोठी होण्याची आज्ञा नाही. तिने जोडले जावे आणि शेजारच्या तुकड्यासाठी पाव इंच सोडावे, एवढेच तिच्याकडून अपेक्षित आहे.

मी त्या भगिनीची क्षमा मागितली. ती उपासनेस पुन्हा येऊ लागली, पण पहिल्यासारखी पुढे बसत नाही. एकदा ताणलेली कड पूर्ववत होण्यास वेळ लागतो. रजई नाताळापूर्वी पूर्ण झाली. तिचा तारा जवळून पाहिला तर एका त्रिकोणावर सदऱ्याच्या खिशाची जुनी शिवण दिसते. ती तिने उसवली नाही.

आपण कोणाची पिशवी न पाहताच परत केली आहे, याचा विचार या आठवड्यात करावा. नाव आठवले तर तिसऱ्या रविवारची वाट पाहू नये.

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू तुकडे गोळा करविणारा आहेस. ज्यांना आम्ही निरुपयोगी म्हणून दूर लोटले, त्यांच्या दारी जाण्याचे धैर्य आम्हांला दे. तुझे माप आम्ही बदलू नये, आणि आमच्या अटींना तुझे माप म्हणू नये. आमच्या सर्व सांध्यांत तुझी माया राहू दे. आमेन.