सोंगातले हसू

सोंग आणि ढोंग हे दोन शब्द आपल्या भाषेने वेगळे ठेवले, यात मोठे शहाणपण आहे. सोंगात घेणारा आणि पाहणारा, दोघांनाही खरे काय ते ठाऊक असते. ढोंगात ते एकालाच ठाऊक असते. पण सोंग ऐन रंगात आले असताना घेणाऱ्यालाच हसू फुटले, तर तो दोष मानावा काय?

इंडोनेशियातील तरुणांच्या एका खेळामुळे हा प्रश्न मनात आला. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’ या २००४ साली निघालेल्या संगणक-खेळात लॉस एंजेलिसवर बेतलेले एक शहर आहे. कोणी जकार्तात, कोणी सुराबायात घरी बसून इंटरनेटवरून एकाच सर्व्हरवर, म्हणजे एकाच शहरात उतरतात. एक पोलीस होतो, दुसरा डॉक्टर, तिसरा दरोडेखोर. आपली कृती लिहून सांगायची. समोरच्यावर तिचा परिणाम काय झाला, हे मात्र त्यानेच ठरवायचे. खाजगी बोलणे दुहेरी कंसात. पात्राला नाव आणि आडनाव दोन्ही हवीत. जावात पुष्कळांना आडनावच नसते. सुकार्नो आणि सुहार्तो हे दोन राष्ट्राध्यक्ष एकेका नावावरच निभावले. म्हणजे सोंगाची सुरुवात आडनावापासून!

आता कल्पना करा. पोलिसाने पिस्तूल रोखले आहे, दरोडेखोराचे हात वर आहेत, आणि एवढ्यात दुहेरी कंसात अक्षरे उमटतात : ‘आई जेवायला बोलावते आहे, पाच मिनिटे थांबा.’ कायदा पिस्तूल रोखून पाच मिनिटे तिष्ठत उभा! किंवा डॉक्टर लगबगीने येतो, रुग्णवाहिका रुग्णाच्याच अंगावर घालतो, आणि उतरून गंभीरपणे विचारतो, ‘कुठे दुखते?’ मग पडदाभर ‘व’ आणि ‘क’ यांच्या जोडीची माळ लागते. इंडोनेशियन माणूस लेखी हसतो तो असा.

नियमांचे कैवारी म्हणतील, भूमिका मोडली. मला तसे वाटत नाही. जावाच्या छायानाट्यात महाभारताची कथा रात्रभर चालते, आणि मध्यरात्रीच्या सुमारास सेमार व त्याची मुले येऊन चालू काळावर विनोद करतात. व्यासांच्या ग्रंथात ही मंडळी नाहीत. जावाने ती स्वतःची घातली. त्यांच्यामुळे अर्जुन लहान होत नाही. हसून झाले की प्रेक्षक पुन्हा युद्धाकडे वळतात.

पण दुसऱ्याही एका हसण्याची कल्पना करा. खेळाडूंनी आपल्या एका पात्राची अंत्ययात्रा मनापासून मांडली आहे, आणि एकजण शवपेटीवरून मोटारसायकल उडवतो. पाहणारे हसतीलही. शहर खोटे आहे हे खरे. परंतु दिवसभराचे काम उरकून त्या प्रसंगासाठी बसलेल्या माणसाची संध्याकाळ खोटी नव्हती. ती त्याला न विचारता उधळली गेली. खेळायला आल्याचे दाखवून जो खेळ मोडायलाच येतो, त्याचे ते ढोंग. पहिल्या हसण्यात मात्र कोणी कोणाला फसवलेले नसते. मुखवट्याआडचा भुकेला मुलगा क्षणभर सर्वांना दिसतो, एवढेच. जेवून परतलेला दरोडेखोर मुकाट्याने पुन्हा हात वर करतो, आणि पोलीस पुढचा प्रश्न विचारतो.