आजोबा जसे होते तसे



घरचा कर्ता पुरुष देवाघरी गेला की महिन्याची मिस्सा, मग वर्षाची मिस्सा आणि सोबत फोटो असलेले छोटे स्मरणपत्र, ही आपल्याकडची रीत आहे. फोटोखाली बहुधा एवढेच असते : प्रेमळ पती, आदर्श पिता, लाडके आजोबा. मिस्सेनंतर आम्ही घरी चहाला बसलो की मात्र दुसरेच आजोबा कानावर येतात. मुंबईच्या चाळीतले बिऱ्हाड उचलून कात्रपला आणणारे, पहाटेची लोकल धरणारे, म्हणून मुलांना फक्त रविवारी दिसणारे. तापट, हट्टी, पण नातवंडांपुढे विरघळणारे. हे सारे घरची माणसे हळू आवाजात सांगतात, जणू मृताविषयी असे बोलणे पापच आहे. आम्हांला ते पाप वाटत नाही.

पवित्र शास्त्रातला याकोब पाहा. त्याने आंधळ्या बापाला फसवले, पुढे मुलांत उघड पक्षपात केला आणि त्याची फळेही भोगली. शास्त्राने यातले काही झाकले नाही. तरी इब्री लोकांस पत्राचा लेखक त्याच्या विश्वासाची आठवण सांगताना निवडतो तो प्रसंग आजोबाचा : मरणाच्या दारात, काठीच्या टोकावर टेकून योसेफाच्या मुलांना आशीर्वाद देणारा म्हातारा.

आपल्या मराठी मुलखातही अशी एक आठवण लिहिली गेली आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) आपल्या कॅथलिक पंथाचे नव्हते, पण त्यांची भजने मराठी ख्रिस्ती माणसाला परकी नाहीत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो पत्नीला सोबत न घेता. लक्ष्मीबाईंवर आकाशच कोसळले. काही वर्षे पती-पत्नी वेगळी राहिली. १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या समजुतीने बाप्तिस्मा घेतला. टिळक गेल्यावर त्यांनी 'स्मृतिचित्रे' लिहिली. त्यात नवरा कसा दिसतो? क्षणात भडकणारा, न सांगता घर सोडून जाणारा, हातात पैसा न टिकणारा, दुसऱ्यासाठी घर रिकामे करणारा आणि बायकोला लिहायला-वाचायला शिकवणारा. तक्रार आहे, हसू आहे, आणि प्रेम तर ओळीओळीत आहे. त्यांना आदर्श पती म्हणून फोटोत बसवले असते तर आज टिळक आपल्याला इतके जवळचे वाटले नसते.

टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले होते. विधवा लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. १९३६ साली त्याही गेल्या, तेव्हा मुलगा देवदत्त यांनी ते पूर्ण केले. नातू अशोक टिळक यांनी 'स्मृतिचित्रे'ची अभ्यासपूर्ण आवृत्ती सिद्ध केली. पत्नी, पुत्र, नातू : तिघांनीही आठवण राखली ती काम हाती घेऊन.

आता एक अवघड गोष्ट. काही घरांत जखम खोल असते. ज्या माउलीने दारूपायी मार खाल्ला, तिला स्मरणपत्रावर 'प्रेमळ पती' छापायला लावणे हा तिच्यावर दुसरा अन्याय आहे. तिला रडू आले नाही म्हणून कुणी बोट दाखवू नये. क्षमा करणे म्हणजे घडले ते घडलेच नाही असे म्हणणे नव्हे. घडलेच नसेल तर क्षमा कशाची?

मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकात लढाईत पडलेल्या शिपायांच्या कपड्यांखाली मूर्तींचे ताईत सापडतात. यहूदा मक्काबी प्रेते झाकून गप्प बसत नाही, त्यांना शापही देत नाही. तो वर्गणी काढतो आणि त्यांच्या पापासाठी यरुशलेमला बली अर्पण करायला पाठवतो. मृतांसाठी प्रार्थना करण्याची आपली परंपरा ज्या उताऱ्याचा आधार घेते, तो असा आहे. ज्याच्यात काहीच उणे नव्हते त्याच्यासाठी मिस्सा कशाला मागायची? मिस्सेचा हेतू लिहून देतो तेव्हाच आपण मान्य करतो की हा माणूस आपला होता, अपुरा होता, आणि उरलेले काम देवाच्या हाती आहे.

प्रभू येशूचे आजी-आजोबा, संत योवाकीम व संत आन्ना यांचा सण २६ जुलैला येतो. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबांचा दिवस म्हणून नेमून दिला. बदलापूरकरांना मात्र २६ जुलै म्हटले की २००५ सालचा पूर आठवतो. उल्हास नदी घरांत शिरली, गाड्या बंद पडल्या. त्या रात्री आजोबा कुठे अडकले होते, घरी कसे आले, आल्यावर पहिले काय बोलले, हे नातवंडांना ठाऊक आहे का? आजी अजून आहे तोवर तिला विचारा. ती रागावून सांगू लागली तर रागासकट ऐका.

यापुढे मिस्सेचा हेतू द्यायला येताना नावाबरोबर त्यांच्याविषयी दोन ओळी आणा, घरी बोलता तशाच. मिस्सेपूर्वी आम्ही त्या वाचू आणि वेदीपाशी त्यांना त्या ओळींसह आठवू. मोठ्याने वाचू नये असे असेल, तर कागद घडी घालून द्या.