किती जुनं, आणि कोणाच्या जिवावर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, शेंड्याला झेंडा बांधतात आणि मध्य प्रदेशातली पांढुर्णा व सावरगाव ही दोन गावं समोरासमोर उभी राहून एकमेकांवर गोटे मारतात. झेंडा चंडीमातेच्या देवळात पोचला की गोटमार संपते. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात. आजवर कित्येकांचा जीव गेला. प्रशासनानं जमावबंदी लावून पाहिली, गोट्यांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. आता औषधोपचाराचे तंबू आदल्या दिवसापासून तयार असतात, म्हणजे डोकी फुटणार हे सरकारनंही धरून चाललेलं असतं. थांबवा म्हटलं की उत्तर ठरलेलं: ‘आजाच्या आजापासून चालू हाय, परंपरेत कायदा कायले आणता?’ गावातला म्हातारा असं म्हणतो तेव्हा मी ऐकून घेतो. मतं मागायला आलेला पुढारी तेच म्हणतो तेव्हा मात्र मला संताप येतो. कायदे करणं हे ज्याचं काम, तोच माणूस कायद्याला परंपरेच्या दाराबाहेर उभं करतो आहे.

या बोलण्यामागे एक समजूत आहे: परंपरा आपली, कायदा परका, आणि इंग्रजांनी कायदा आणून परंपरा मोडल्या. ही समजूत चुकीची आहे. स्मृतिकारांनी आचाराला प्रमाण मानलं, मराठेशाहीत गोतसभेनं त्यावर निवाडे केले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण गोतसभेत बसलेली माणसं त्याच गावची असत. प्रसंग पाहून, माणूस पाहून रूढी थोडी वाकवायला त्यांना मुभा होती. इंग्रजी अमदानीत स्टील नावाच्या अधिकाऱ्यानं १८२७ साली दख्खनेतल्या जातींच्या चालीरीती पुस्तकात नोंदवल्या, आणि १८६८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं सांगून टाकलं की रूढी स्पष्टपणे सिद्ध झाली तर ती शास्त्रवचनालाही भारी ठरेल. म्हणजे इंग्रजांनी रूढी मोडली नाही, उलट तिला कागदावर आणून घट्ट केली. मात्र तिला मान्यता देताना अटी घातल्या. रूढी प्राचीन हवी, निश्चित हवी, वाजवी हवी, नीतीला आणि सार्वजनिक हिताला सोडून नसावी. वकिलांनी यातली पहिली अट पाठ केली आणि बाकीच्या विसरले.

त्याचा सर्वांत मोठा दाखला महाडचा आहे, आणि तोच आपण सर्वांत चुकीचा वाचतो. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. त्याच वर्षी डिसेंबरात महाडच्या काही सनातनी मंडळींनी त्यांच्यावर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला. अस्पृश्यांनी हे पाणी भरू नये ही अनादि काळापासूनची रूढी आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयाचा मनाईहुकूम आला म्हणून बाबासाहेबांनी दुसरा सत्याग्रह थांबवला. पुढे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि १७ मार्च १९३७ ला सनातन्यांचं अपील फेटाळलं गेलं. आपण म्हणतो, न्याय जिंकला. निकालपत्र वाचा. गांधीजींना १९२२ मध्ये सहा वर्षांची शिक्षा देणारे ब्रूमफील्ड हेच इथेही न्यायाधीश होते. रूढी अनादि असल्याचं वादींना सिद्ध करता आलं नाही, एवढ्यावर त्यांनी अपील निकाली काढलं. ती सिद्ध झाली असती तर वाजवी की गैरवाजवी याचा विचार कदाचित करावा लागला असता, पण ती वेळ आली नाही, असं त्यांनी नमूद केलं.

मी वकिली करत होतो तेव्हा हे वाचून आनंद होई, आता अस्वस्थ वाटतं. चार जुने दस्त जास्त सापडले असते तर? माणसाला पाणी नाकारणं अन्याय आहे, हे त्या निकालात कुठेच ठरलेलं नाही. ते ठरलं १९५० मध्ये, संविधानात. अनुच्छेद १३ नं रूढीलाही ‘कायदा’ म्हटलं आणि मूलभूत हक्कांशी विसंगत असेल तेवढ्यापुरती ती रद्द केली; अनुच्छेद १५ नं तर विहिरी, तळी आणि घाट यांची नावंच घेतली. प्रश्न ‘केव्हापासून?’ हा उरला नाही, ‘कोणावर?’ हा झाला. माझ्या मते खरं वळण हेच आहे.

हा दुसरा प्रश्न मराठीत कोर्टाआधी कादंबरीनं विचारला होता. हरिभाऊ आपट्यांनी १८९० पासून ‘करमणूक’मध्ये ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहिलं तेव्हा केशवपन किती जुनं याची चर्चा केली नाही, नायिका यमूलाच बोलू दिलं. मी मात्र सौंसरच्या कोर्टात पहिलाच प्रश्न विचारत राहिलो. तिथे मी रूढीनं झालेल्या सोडचिठ्ठीचे दावे चालवले. जातीतला वयस्क साक्षीदार उभा राही, त्याला विचारायचं: ‘तुमच्या समाजात हे किती पिढ्यांपासून?’ तो मराठीत सांगे, कागदावर ते हिंदीत उतरे. जिची सोडचिठ्ठी, ती बाई दाराजवळ पदर दातात धरून उभी असे. पंचांपुढे तिची संमती होती का, हे मीही तिला विचारलं नाही. दाव्याला त्याची गरज नव्हती. कादंबरीकडे मी वळलो तो त्या बाईला विचारण्यासाठी.

१८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातल्या शंकरपटांना मुभा देणारे राज्यांचे कायदे वैध ठरवले. एखादी गोष्ट संस्कृतीचा भाग आहे की नाही हे ठरवणं विधिमंडळाचं काम, असं म्हटलं. त्याच वर्षी पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. जिल्हाधिकारी आता दारात आहे. म्हणजे न्यायालयाकडे बोट दाखवून पुढाऱ्याला सुटता येणार नाही, आणि आपल्यालाही नाही. पुढच्या पोळ्याआधी पुढारी दारी येईल, तेव्हा गोटमार किती वर्षं जुनी हे त्याला विचारू नका. आजवर कोण मेलं, त्यांची नावं विचारा, आणि त्या घरांसाठी त्यानं काय केलं ते विचारा.