दोन फॉर्म, एक घर

हैदराबादजवळ राजेंद्रनगरला राष्ट्रीय ग्रामीण विकास व पंचायती राज संस्था आहे. देशभरातले पंचायतींचे अधिकारी, गावचे कारभारी तिथं शिकायला येतात, आणि त्या बाजूला वर्षभर कसला ना कसला वर्ग चालूच असतो. २०१७ च्या पावसाळ्यातल्या अशा एका वर्गाची ही गोष्ट. माणसं मी कल्पिलेली आहेत. आकडे आणि खड्ड्यांचं शास्त्र खरं आहे.

वर्ग होता गावोगाव फिरून संडास तपासणाऱ्यांचा. स्वच्छ भारत मिशन सुरू होऊन तिसरं वर्ष सरत आलं होतं. गावानं ग्रामसभेत ठराव करायचा, आम्ही हागणदारीमुक्त झालो म्हणून जाहीर करायचं. मग तीन महिन्यांच्या आत पहिली तपासणी आणि तिच्यानंतर साधारण सहा महिन्यांनी दुसरी, असा नियम. पहिल्या वेळी उत्साह ताजा असतो आणि भिंतींचा रंगही. खरं काय उरलं ते दुसऱ्या वेळी दिसतं, म्हणून वर्ग घेणाऱ्या सरांचा सगळा भर दुसऱ्या तपासणीवर.

पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर दोन आकडे लिहिले. २०११ च्या जनगणनेत ग्रामीण भागातल्या जेमतेम ३१ टक्के घरांच्या आवारात संडास निघाला होता. त्याच सुमारास १९९९ पासून चाललेल्या संपूर्ण स्वच्छता अभियानाच्या सरकारी नोंदींत हाच आकडा याच्या दुपटीच्या आसपास होता. मधले संडास गेले कुठं? काही बांधलेच गेले नव्हते, काही पडले होते, काहींत सरपण भरलं होतं. "कुणी एकानं खोटं लिहून एवढा फरक पडत नाही," सर म्हणाले. "हजारो माणसांनी दारातूनच 'आहे' असं लिहिलं, की पडतो."

वर्गात दोन मराठी माणसं होती. एक मुलगा देगलूरकडचा. पदवी झालेली, मोबाइलवर फॉर्म भरण्यात हात विजेसारखा. निर्मल ग्राम पुरस्काराची पाटी लागलेली गावं त्यानं लहानपणापासून पाहिली होती, पहाटे टमरेल घेऊन निघालेल्यांना अडवणारं गुड मॉर्निंग पथकही पाहिलं होतं. दुसऱ्या काचीगुड्यातल्या काकू. तीन पिढ्या हैदराबादेत काढलेलं घर. शाळा मराठीतून, विवेकवर्धिनीत. बाजारात तेलुगू, शेजारी दखनी. अंगणवाड्यांची देखरेख करून निवृत्त झालेल्या. मुलगा त्यांना काकू म्हणायचा आणि त्या त्याला "अरे बाळा" म्हणून हाक मारायच्या.

सरावासाठी विकाराबादच्या वाटेवरचं एक गाव घेतलं होतं. वेशीवर हागणदारीमुक्त गावाची पाटी. पहिली तपासणी पार पडलेली, दुसरी पावसाळ्यानंतर व्हायची. सरांनी मुद्दाम दोघांना एकाच गल्लीत सोडलं, एकमेकांचं काही न पाहता.

मुलानं दुपारपर्यंत सगळी गल्ली उरकली. दारात उभ्या माणसाला विचारायचं: संडास आहे का? आहे. वापरता का? वापरतो. फोटो काढायचा, पुढं निघायचं. त्यात लबाडी काही नव्हती. फॉर्ममध्ये हेच दोन प्रश्न होते आणि दोन्हींचं उत्तर 'हो' आलं होतं.

काकूंची संध्याकाळपर्यंत निम्मी गल्लीसुद्धा झाली नाही. त्या घरात शिरून पाणी मागायच्या. दाराआड बादली आहे का, भांडं घासलेलं आहे का, कोपऱ्यात कोळिष्टकं आहेत का, आत गोवऱ्या रचल्यात का, हे न विचारता बघायच्या. मग चुलीपाशी बसून घरातल्या प्रत्येकाचं वेगवेगळं विचारायच्या. आज सकाळी सासूबाई कुठं गेल्या? मामंजी? थोरला? धाकटी? 'तुमच्या घरात संडास वापरतात का' याला घराची अब्रू उत्तर देते. 'आज सकाळी म्हातारे कुठं गेले' याला माणूस उत्तर देतो. हा फरक माझ्या मते या सगळ्या कामाचं मर्म आहे, आणि तो छापील फॉर्ममध्ये सहसा सापडत नाही.

संध्याकाळी पंचायतीच्या ओट्यावर फॉर्म एकत्र झाले. एक घर दोघांच्याही कागदात होतं. घर आरे मराठ्यांचं. पिढ्यान्‌पिढ्या तेलंगणात राहून घरात अजून मराठी बोलणारं. मुलाच्या कागदात: संडास आहे, वापर आहे. काकूंच्या कागदात सहा माणसं: आजी नाही, आजोबा नाहीत, मुलगा नाही, सून जाते, दोन नाती जातात.

सरपंचांनी ते वाचलं आणि त्यांचा चेहराच उतरला. मंडल कार्यालयातून रोज विचारणा, पाटी लागलेली, आणि हे असं. ते काकूंना म्हणाले, "अम्मा, दुसरी तपासणी तोंडावर आली. गावाची बेअब्रू कशाला करता? संडास तर आहे ना? सून वापरते ना? मग 'हो' लिहा."

काकू म्हणाल्या, "सरपंचगारू, मी 'हो' लिहिलं तर हे तीन जण उद्या आत जायला लागतील का?"

सरपंच बोलले नाहीत. मुलगाही खाली बघत होता. आपलं काम खोटं ठरल्यासारखं त्याला वाटलं. पण त्याचा कागद खोटा नव्हता. त्या घरात संडास होता आणि वापरात होता. देशाच्या पातळीवरही पुढं हेच झालं. २०१८-१९ च्या राष्ट्रीय वार्षिक ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणानं ९३ टक्के ग्रामीण घरांना संडासाची सोय असल्याचं सांगितलं. २०१८ च्या जुलै ते डिसेंबरात झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीत तोच आकडा ७१ टक्के आला. देश एकच, काळही जवळजवळ एकच. अनुदान मिळेल या आशेनं काही घरं 'नाही' म्हणत असतील, हे नमुना पाहणीच्या अहवालानंच नोंदवून ठेवलं. भीतीपोटी 'हो' म्हणणारंही कुणी असणारच. म्हणून दारात उभं राहून मिळालेल्या उत्तरावर, ते कुठलंही असो, गावाचा न्याय करू नये.

सरांनी कुठलाच कागद फाडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोघांना आणि सरपंचांना घेऊन त्याच घरी गेले.

आजीनं घोंगडी टाकली. काकूंनी विचारलं, "मावशी, घरात एवढा चांगला संडास, तुम्ही का जात नाही?"

"जाऊ ना माय. पन भरला तर काढनार कोन?" आजी म्हणाली. "पोरींना भाईर जायाला भ्या वाटतं. त्यायला पुरावा म्हनून आमी तिघं भाईर जातो."

घोंगडीवर बसलेल्यांपैकी कुणालाच हे उत्तर अपेक्षित नव्हतं. आळस नव्हता, अडाणीपणा नव्हता. घरातल्या तिघांनी पावसापाण्यात, काट्याकुट्यात बाहेर जायचं पत्करलं होतं, मुलींसाठी खड्डा राखून ठेवायला. भरलेला खड्डा उपसायला आपल्या जातीतलं कुणी हात लावणार नाही, आणि ज्यांच्याकडून पिढ्यान्‌पिढ्या हे करवून घेतलं त्यांच्याकडून आता करवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा. मधल्या मध्ये म्हातारी अडकली होती. 'गावकऱ्यांची मानसिकता बदलायला हवी' असं एक गुळगुळीत वाक्य अहवालात असतं. ते लिहिणाऱ्यानं या घोंगडीवर एकदा बसायला हवं होतं.

"पण मावशी, खड्डे दोन आहेत," मुलगा म्हणाला. "एक भरला की दुसरा लावायचा. पहिला बंद ठेवला की दीड-दोन वर्षांत आतलं सगळं मातीसारखं कोरडं होतं. वास नाही, काही नाही. खत म्हणून शेतात जातं."

"कितीक दिसात भरल?"

"पाच-सहा माणसांना एक खड्डा चार-पाच वर्षं पुरतो."

"भरत चाललंय बाबा," आजोबा पहिल्यांदा बोलले. "दोनीबी."

दोन्हीही? मुलगा उठून संडासामागं गेला. सिमेंटच्या रिंगांवरची दोन गोल झाकणं, त्यांच्या अलीकडं दीड वीत चौकोनी जंक्शन चेंबर, वर मातीत रुतलेली फरशी. त्यानं सळईनं फरशी उचकटली. भांड्याकडून आलेला पाइप आत उतरत होता आणि पुढं त्याचे इंग्रजी वायसारखे दोन फाटे होत होते. दोनपैकी एक तोंड विटेचा तुकडा आणि माती लावून बंद असायला हवं. इथं दोन्ही उघडी होती, दोन्हींत ओल होती. दोन्ही खड्डे एकदमच भरत होते. विश्रांतीला खड्डा उरतच नव्हता, आणि शेवटी जे उपसावं लागलं असतं ते ओलंच.

गवंड्याला बोलावलं. तो घाबरला नाही, उलट त्याला नवल वाटलं. "दोन खड्डे म्हणजे दुप्पट जागा, असंच समजलो. एक बंद करायचा तर बांधायचा कशाला?" गावातले सगळे संडास त्यानंच बांधले होते. एकेका घराला १२,००० रुपये अनुदान मिळालं होतं, फोटो चढले होते, पहिली तपासणी पार पडली होती. चेंबरची फरशी मात्र कुणी उचललीच नव्हती.

दुरुस्ती अर्ध्या तासाची निघाली. विटेचा तुकडा, चिखल, एक तोंड बंद. मुलानं स्वतःच्या हातानं ते पहिलं तोंड लिंपलं आणि गवंड्याला दाखवत पुढच्या घरी गेला. सरांनी ओट्यावर जमलेल्यांना गंगादेवीपल्लीची हकीगत सांगितली. वरंगळकडचं हे गाव. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्रीय पेयजल व स्वच्छता खात्याचे सचिव परमेश्वरन अय्यर निरनिराळ्या राज्यांच्या अधिकाऱ्यांसह तिथं स्वतः खड्ड्यात उतरले होते आणि बंद ठेवलेल्या खड्ड्यातलं खत फावड्यानं बाहेर काढलं होतं. आजीनं दोनदा विचारलं, "सायेब सोता उतरला?"

काकूंचा कागद होता तसाच मंडल कार्यालयात गेला, तिघांच्या 'नाही'सकट. सोबत सरांनी जंक्शन चेंबरचा फोटो जोडला.

पावसाळा सरताना सरपंचांचा फोन आला. दुसऱ्या तपासणीला काचीगुड्याच्या अम्मांनाच पाठवा, म्हणाले. सरांनी नाही सांगितलं. तपासणारा कोण यावा हे गावानं ठरवायचं नसतं. आज काकू मागितल्या, तर उद्या दुसरं गाव आपल्या सोयीचा माणूस मागेल. सरपंच थोडे थांबले, मग म्हणाले, "मग तो कागद तरी द्या. माणसागणिक विचारायचा."

काकूंनी तो एका संध्याकाळी तेलुगूत उतरवून दिला. सरपंचांनी त्याच्या प्रती काढून महिला संघमच्या बायकांच्या हाती दिल्या आणि गल्ल्या वाटून दिल्या. पहिल्या दिवशी त्या गेल्या सरपंचांच्याच घरी, आणि त्यांच्या वडिलांना विचारलं, "तात्या, आज सकाळी कुठं गेला होता?"