हंडा आणि मोटार

मासेमारीत कसला आलाय न्याय, असं आपल्यातल्या पुष्कळजणी म्हणतील. मल्हारगंजातल्या, घरात मासा न येणाऱ्या बाईनं मच्छीमारांच्या वाट्याविषयी लिहावं का? मला वाटतं, लिहावं. जीव मारणं चूक मानणं वेगळं. पण त्यावर ज्याचं पोट आहे त्याच्यावर अन्याय होताना "आपल्याला काय त्याचं" म्हणणं, ही काही अहिंसा नव्हे.

टूना, म्हणजे कोकणातला कुपा, हिंदी महासागरभर फिरतो. तो किती पकडायचा हे हिंदी महासागर टूना आयोगात देश मिळून ठरवतात. भारतही त्यात आहे. पिवळ्या पराचा कुपा घटू लागला, तेव्हा २०१६ साली मोठी पकड करणाऱ्यांनी ती कमी करायची ठरलं. कपात मोजली २०१४ सालच्या पकडीवरून. हिशेब सरळ वाटतो ना? पण त्यात एक गोम आहे.

आपल्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. समजा, गल्लीत एकानं नळाला मोटार लावून हौद भरला, दुसरीनं दोनच हंडे. उद्या टंचाई आली आणि कोणी म्हणालं, "गेल्या वर्षी ज्यानं जितकं घेतलं त्या प्रमाणात वाटून घ्या," तर? मोटारवाल्याचं ओरबाडणं हाच त्याचा हक्क ठरेल!

युरोपची मोठी जहाजं जाळं टाकून अख्खा थवा वेढतात. लक्षद्वीपचा मच्छीमार गळाच्या काठीनं एकेक कुपा ओढतो. समुद्र कोणी रिकामा केला, हे विचारल्याशिवाय त्याग कोणी करायचा हे कसं ठरणार?

आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यंत्रबोटी बंद असतात, बिनयंत्राच्या पारंपरिक होड्यांना मुभा असते. महाराष्ट्र सरकारनं २०१६ साली पर्ससीन जाळ्यांवर मर्यादा घातल्या. म्हणजे साधन पाहून नियम करता येतो. अर्थात पर्ससीन बोटीवरच्या खलाशालाही घरदार आहे. त्याची बाजूही ऐकायलाच हवी. पण ऐकणं म्हणजे दोघांना एकाच मापानं मोजणं नव्हे.

एकही मासा मरू नये, ही माझी इच्छा कायम आहे. ती पुरी होईपर्यंत एवढं तरी व्हावं: ज्यानं जास्त घेतलं, त्यानं आधी सोडावं. अपरिग्रह आपण घरात शिकवतो, तो समुद्रावरही लागू पडतो.